कोळसा धक्क्यावरच्या तीन भोंग्यांबाबत

मी, मयताची पत्नी, वय ६७ वर्षे, धंदा इस्त्रीकाम, पूर्वी कापड गिरणीत बॉबिन खात्यात कामाला, राहणार जुन्या गिरणीमागची कामगार वस्ती, कालव्याच्या बाजूची शेवटची खोली. पोलीस ठाण्यात आपल्या पायांनी येऊन, कोणी शिकवल्या-पढवल्याशिवाय सांगते की,

मी वरील ठिकाणी माझे पती व मुलगा यांच्यासह राहत होते. आता मुलासह राहते. माझे पती गिरणी बंद पडेपर्यंत कालव्यावरच्या कोळसा धक्क्यावर हमाल होते. बॉयलरचा कोळसा पडावातून, म्हणजे मोठ्या सपाट मालहोडीतून, यायचा. पडाव लागला की त्यावरून धक्क्यावर एक फळी टाकत आणि हमाल डोक्यावर टोपली घेऊन त्या फळीवरून ये-जा करत. फळी ओली, टोपली जड, खाली दोन पुरुष पाणी. कोळशाने काळे आणि सदा बुड्या मारणारे म्हणून वस्तीत माझ्या पतींना पाणकावळा म्हणत.

भोंग्याची हकिगत सांगणे भाग आहे, त्याशिवाय पुढचे समजणार नाही. माझ्या लग्नाआधी माझे थोरले दीर त्याच फळीवरून घसरले आणि पडाव व धक्क्याची भिंत यांच्या मध्ये गेले. ते ओरडले असतीलच. पण माग चालू असताना गिरणीत शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नसे. पाळी सुटल्यावर ते सापडले. त्यावर कामगारांनी काम बंद ठेवले. मागण्या पुष्कळ होत्या. पगार, फळीला कठडा, बायकांना संडास. मालकाने एकच मान्य केली, जिला खर्च नव्हता. गिरणीच्या भोंग्याची एक साखळी धक्क्यावर आणून सोडली. माणूस पाण्यात गेलेला ज्याला दिसेल त्याने ती तीनदा ओढायची.

तेव्हापासून आमच्यात अशी रीत पडली की तीन भोंगे झाले की पाण्याच्या सर्वांत जवळ जो असेल त्याने उडी टाकायची, बाकीच्यांनी हातातले काम सोडून धावायचे. कोण पडला, कुठे पडला, ते पाण्यात गेल्यावर बघायचे. "आधी बघणारा बघतच राहतो," असे माझे पती म्हणत. त्यांनी किती जणांना वर काढले ते मला माहीत नाही, त्यांनाही नव्हते. एकाने लग्नाला बोलावले होते एवढे आठवते.

पुढे गिरणी बंद पडली. कालव्यात शहराने आपली घाण टाकली. त्या वासात आम्ही जेवलो, झोपलो, मुले वाढवली. वास होता तोवर कालवा आमचा होता. मग गिरणीची जागा विकली गेली, तिथे गिरणी संग्रहालय झाले, कालव्याचे नाव जलविहार झाले. काम पत्रे लावून चालले होते, आत काय चालले आहे ते कोणालाही दिसत नव्हते. माझा मुलगा तिथे पाहुण्यांची बोट चालवायला लागला आहे.

संग्रहालयाच्या व्यवस्थापक बाई माहिती घ्यायला आमच्या घरी आल्या होत्या. माझ्या पतींनी त्यांना फळी, पडाव, थोरले दीर आणि तीन भोंगे, सगळे सांगितले. मी चहा दिला, तो त्यांनी घेतला. "काका, किती थरारक! हे आपण नक्की घेऊ," असे त्या म्हणाल्या. भोंग्याखाली आता जो फलक आहे त्यावर, या भोंग्याच्या सुरांनी वस्तीची प्रसन्न सकाळ होत असे, एवढेच आहे. प्रसन्न सकाळ आमच्यापैकी कोणी पाहिली ते बाईंना विचारावे.

उद्घाटनासाठी बाईंनी पतींना बोलावले. "तुम्ही फक्त टोपली घेऊन धक्क्यावर उभं राहायचं. पाहुण्यांना खरा हमाल बघायला आवडेल." निळा शर्ट, निळी पँट आणि टोपी असा पोशाख घरी पाठवला. तो मीच इस्त्री केला. मी पतींना म्हणाले, "हा बँडवाल्याचा ड्रेस आहे. धक्क्यावर तुमच्या अंगावर लंगोट आणि कोळसा, दोनच असायचे." ते म्हणाले, "असू दे गं. भाऊ गेला त्या जागेवर उभं राहायला बोलावतायत. नाही कसं म्हणू?"

रविवारी सकाळी उद्घाटन होते. पत्रे त्याच दिवशी काढले. मी दोरीच्या मागे, बिनखुर्चीच्या लोकांत होते. पती धक्क्याच्या कडेला उभे होते. त्यांच्या टोपलीत थर्माकोलला काळा रंग देऊन केलेला कोळसा होता. ते माझ्याकडे बघून हसले. ते दारू पीतच नव्हते असे मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी घेतली नव्हती. सकाळचा चहासुद्धा, पोशाखावर डाग पडेल म्हणून, त्यांनी उघड्या अंगाने घेतला होता.

प्रमुख पाहुण्यांनी साखळी ओढली. भोंगा वाजला. फोटोवाला म्हणाला, "साहेब, अजून एकदा, इकडे बघून." पाहुण्यांनी पुन्हा ओढली. फोटोवाला म्हणाला, "हात जरा वर. हां, शेवटचा." पाहुण्यांनी तिसऱ्यांदा ओढली.

तिसरा भोंगा संपायच्या आत पतींनी टोपली फेकली आणि सूर मारला. डोके खाली, हात पुढे, धक्क्यावर मारायचे तसाच. पाणी गुडघाभर होते. पूर्वीच्या पाण्यात सिमेंट भरून तळ वर आणला आहे आणि त्याला काळा रंग दिला आहे, म्हणजे फोटोत खोल दिसावे. ही गोष्ट आपल्याच पोलिसांनी पंचनाम्यात मोजली आहे. धक्क्यावरची 'सावधान, पाणी खोल आहे' ही लोखंडी पाटी मात्र घासूनपुसून पुन्हा जागेवर लावली आहे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोशाखामुळे त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला. माझ्या पुढचा एक गृहस्थ म्हणाला, "वा, या वयात!" मी ओरडले. दोरीवरचा रखवालदार म्हणाला, "आजी, कार्यक्रम चालू आहे, मागे व्हा." मी दोरीखालून गेले. पती पालथे पडले होते. टाळ्या एकदम थांबल्या नाहीत, हळूहळू थांबल्या. मग सगळे उभे राहून बघत होते. काहींचे फोन वरच होते.

माझ्याआधी पाण्यात उतरला तो वस्तीतला म्हातारा आगवाला, जो पूर्वी गिरणीच्या बॉयलरवर होता. त्याचे गुडघे वाकत नाहीत. तो बनियनवर, अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून, घरातून धावत आला होता. त्याच्यामागे बॉबिन खात्यातल्या दोघी आल्या. यांतल्या कोणालाही आमंत्रण नव्हते. त्यांना भोंगा ऐकू आला होता. आम्ही चौघांनी पतींना उताणे केले. मान हातात राहत नव्हती. दवाखान्यात डॉक्टरांनी ते आधीच गेल्याचे सांगितले.

संग्रहालयातर्फे मयत नशेत तोल जाऊन पडले असे लेखी दिले आहे, असे मला समजले. माझा मुलगाही मला म्हणाला, "आई, पडले म्हण. माझी बोट आहे तिथं." त्याच्याशी जे बोलायचे ते मी घरी बोलेन, इथे लिहू नये. जबाब घेणाऱ्या साहेबांनी लिहिले आहे, तर राहू द्यावे.

साहेबांनी मला समजावले की बाई, पडले म्हटले तर अपघात होतो, उडी म्हटले तर आत्महत्या होते, विचार करून बोला. मी विचार करूनच आले आहे. माझे पती पडलेले नाहीत. जन्म त्या फळीवर गेला, तेव्हा पडले नाहीत. ते जीव द्यायलाही गेलेले नाहीत, संध्याकाळी खायला काय करणार ते त्यांनी मला निघताना विचारले होते. ते बुडणाऱ्याला काढायला उतरले. कागदात यासाठी रकाना नसेल तर तो पाडावा.

पाहुण्यांना भोंग्याचा अर्थ माहीत नव्हता, हे मला मान्य आहे. व्यवस्थापक बाईंना माहीत होता. त्या फोटोवाल्याच्या शेजारी उभ्या होत्या आणि हसत होत्या. माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध आहे. त्या वाईट बाई नाहीत, असे लोक मला सांगतात. आमच्या मालकाबद्दलही लोक असेच सांगत.

पाण्यात त्या वेळी खरोखर कोणी होते का, असे मला विचारण्यात आले. पतींनी उडी टाकली तेव्हा कोणी नव्हते. त्यानंतर होते. तीन भोंगे वाजून झाले होते, माणूस पाण्यात होता, पाणी गुडघाभर होते, आणि धक्का माणसांनी भरलेला होता.

हा जबाब मला एकदा हळू आणि मी म्हटल्यावर एकदा मोठ्याने वाचून दाखवला. त्यात आधी लिहिलेले 'तोल जाऊन पडले' हे शब्द माझ्यासमोर खोडून 'काढायला उतरले' असे केले आहे व खोडल्या जागी मी अंगठ्याची निशाणी दिली आहे. मला सही येते, पण खोडलेले पुन्हा कोणाला वाचता येऊ नये म्हणून अंगठा दिला. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे खरे व बरोबर आहे.