सुदामची नवी वायर

आमच्या सुदामकडं चहाला जाणार असाल, तर आधी झोप काढून जावा. परवा मी पाटसच्या कारखान्यातनं रातपाळी करून थेट त्याच्याकडं गेलो, तर गड्यानं मला स्पीकरसमोर बसवलं. जुनी वायर बरी का नवी महागाची, ते म्हणं मी सांगायचं. एकच भीमगीत, वायरी आलटून पालटून. मला दोन्ही सारख्याच वाटत हुत्या. पण तसं म्हटलं की तो पुन्हा पहिल्यापासनं लावायचा.

शेवटी म्हणाला, "आता गाणं सुरू व्हायच्या आधीची घरघर ऐक. डोळे मीट."

डोळे मिटायला मी एका पायावर तयार. त्यानं नवी वायर जोडली, बटण दाबलं आन् स्वतःबी डोळे मिटून बसला.

"ऐकलंस? घरघर हाय का?"

"न्हाई बाबा."

"ह्याला म्हणत्यात वायर!"

गाणं काय सुरू होईना. तेवढ्यात आतनं वहिनींचा आवाज आला, "अवं, लाईट गेलीया. पाण्याची मोटर चालू न्हाई व्हायची."

मी चपला घालत म्हणालो, "सुदाम, आता बदलू नको. हीच ठेव."