मृत्युपत्राचं सर्व्हिसिंग

...आणि वर मलाच विचारते, "अहो, ताई आल्या की लगेच घर खाली करायचं, का सामान बांधायला दोन दिवस मिळतील?" आता बोला! माझीच बायको, माझ्याच घरात, चहा गाळता गाळता!

तुम्हाला सांगतो, माझी चूक एवढीच, की तेवीस वर्षांपूर्वी मी मृत्युपत्र केलं. तेव्हा मी सडाफटिंग, घर नुकतंच घेतलेलं, आई-वडील नाहीत, जवळची म्हणाल तर थोरली बहीण... म्हटलं, माझं काही बरंवाईट झालं तर घर ताईला. सही ठोकली, कागद कपाटात. एकदा केलं की झालं ना! मग लग्न झालं, मुलगी झाली, ती कॉलेजात गेली, आणि कागद आपला तिथेच, लोकरीच्या टोपीखाली... आणि मागच्या आठवड्यात हिला नेमकी तीच टोपी हवी होती!

वाचलं आणि कागद माझ्यापुढे धरला. "माझं नावसुद्धा नाही हो यात." अगं, नाव कुठून असणार, तेव्हा आपली ओळख तरी होती का? हे मी बोललोही. बोलायला नको होतं. डोळे भरले हो तिचे!

"धंदा काय तुमचा?" म्हणाली. लिफ्ट दुरुस्तीचा. "आणि लोकांना काय दम भरता?" आता काय भरतो... दर तीन महिन्यांनी तपासणी, लिफ्टमध्ये तारखेचं कार्ड, आणि इमारतीचा सेक्रेटरी कुरकुरला, "चालतेय की चांगली!" की मीच ओरडतो, "साहेब, एकदा बसवली की झालं, असं नसतं! आत माणसं असतात!"

"मग इथे आत आम्ही दोघी नव्हतो?"

मी फोन उचलला आणि ओळखीच्या एका वकीलबाईंची वेळ घेतली.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंकडे. चष्म्यावरून बघत, ओठ दाबत, "लग्न?" झालं. "मुलं?" एक. "मग तेवीस वर्षं करत काय होतात?" लिफ्टा! दुसरं काय! जुनं रद्द, नवं केलं. घर हिला, हिच्यामागे लेकीला. निघताना म्हणतात, "घरात काही बदललं की या हं." म्हणजे परत? अहो, एकदा केलं की... जाऊ दे.

कागद हिच्या हातात ठेवला. बोट ठेवून ओळ न ओळ वाचली, हसली, आणि स्वतःच्या कपाटातून पाकीट काढलं. हिचंही मृत्युपत्र! दर वर्षी ताजं करते म्हणे, मला पत्ता नाही!

"अगं, मला काय ठेवलंयस?"

"कालपर्यंत निम्मं तुम्हाला होतं, निम्मं लेकीला. आज सकाळी बदललं, तुमच्या आधी तासभर, त्याच बाईंकडे." म्हणून ओठ दाबत होत्या त्या! "तुमचं निम्मं ताईंना दिलं. म्हटलं, तुमचीच इच्छा!"

बदल की मग, म्हटलं. तर कपाटाच्या दाराकडे बोट. तिथे लटकतंय माझंच, लिफ्टमधलं कार्ड! पुढील तपासणी तीन महिन्यांनी. "तोवर नीट वागा."

तर सध्या भांडी मी घासतो. आणि म्हटलं, ताईलाही धरून राहिलेलं बरं, म्हणून रोज सकाळी फोन करतो... तर ताई काय म्हणते? "रोज रोज काय रे? एकदा केला की झालं ना!"