दोन्या हेनोवेवाची दुसरी तपासणी

(हार्टफर्ड शहर. पोर्तोरिकोहून आलेल्यांची वसाहत, तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या इमारतीतलं एक घर. यारित्सा वसाहतीच्या मदत-कचेरीत काम करते. ‘दोन्या’ हे वडीलधाऱ्या बाईला आदरानं हाक मारायचं स्पॅनिश संबोधन.))

हेनोवेवा : पाय जपून टाक, फरशी ओली आहे.

यारित्सा : फरशी कोणी पुसली, दोन्या हेनोवेवा?

हेनोवेवा : कोण पुसणार? भिंतीवरच्या तसबिरीतला संत सान अँतोनियो खाली उतरून पुसून गेला.

यारित्सा : ती नर्सबाई आत्ता येईल. मी काल काय सांगितलं होतं?

हेनोवेवा : घर आहे तसं राहू द्या. ऐकलं मी, बहिरी नाही झाले. पण घरात पाहुणी येणार आणि फरशीवर धूळ? माझी आई थडग्यातून उठून माझा कान धरेल.

यारित्सा : ती पाहुणी नाही. तुम्हाला मदतीला बाई द्यायची की नाही, हे ठरवायला येतेय ती.

हेनोवेवा : दारातून आत येतं आणि खुर्चीवर बसतं, ते माणूस पाहुणं.

यारित्सा : मागच्या खेपेला हेच झालं. केस रंगवलेले, ओठांना लाली, काठी पलंगाखाली. तिनं विचारलं, आंघोळ कोण घालतं, तर तुम्ही काय म्हणालात?

हेनोवेवा : म्हटलं, नवरा गेल्यापासून माझी पाठ चोळायला कोणी नाही, मीच करते सगळं. हसली बिचारी.

यारित्सा : हसली, दोनदा मागून तुमचं ते गोड पुडिंग, फ्लान, खाल्ला आणि लिहून गेली, बाई ठणठणीत आहेत, मदतीची गरज नाही. वरच्या लोकांच्या हातापाया पडून मी ही दुसरी भेट मिळवलीय. तिसरी मिळायची नाही. आणि हा वास कसला येतोय?

हेनोवेवा : कसला वास?

यारित्सा : दोन्या हेनोवेवा.

हेनोवेवा : नारळाचा फ्लान आहे. लहानसाच.

यारित्सा : ओव्हनपर्यंत वाकलात कशा तुम्ही?

हेनोवेवा : वाकले नाही. खाली बसले. मग उठता येईना. म्हटलं, खाली आहेच तर फरशी पुसून घेऊ.

यारित्सा : अरे देवा. किती वेळ होतात खाली?

हेनोवेवा : रेडिओवरची जपमाळ संपली, बातम्या लागल्या. मग खुर्ची ओढून घेतली जवळ, तिला धरून उठले. आता तोंड असं करू नकोस. फ्लान चांगला झालाय.

यारित्सा : लुर्देसचा सकाळी फोन आला होता मला.

हेनोवेवा : आईला सोडून तुला करते होय फोन?

यारित्सा : तुम्हाला केला की तुम्ही सांगता, मी अजून नाचू शकते. या वेळी मदतनीस मिळाली नाही तर ती येऊन तुम्हाला ओर्लांडोला घेऊन जाणार आहे. खोलीसुद्धा रिकामी करून ठेवलीय तिनं.

हेनोवेवा : त्या कॉलनीत? राहून आलेय मी तिथे. दिवसभर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. लुर्देस कामावर, जावई कामावर, आणि मी एसीनं गारठलेल्या खोलीत टीव्हीचं तोंड बघत. इथे नुसती खिडकी उघडली तरी खालच्या मजल्यावरचा कायेतानो ओरडतो, कॉफी झाली का म्हणून. मी तिथे गेले तर वर्षभरात मरेन, यारित्सा. थट्टा नाही करत.

यारित्सा : मग आज खरं सांगा तिला.

हेनोवेवा : काय सांगू? परक्या पोरीपुढे म्हणू, की बाई गं, मला माझी चड्डीसुद्धा घालता येत नाही? या वसाहतीत कोणाचं बाळंतपण असो की मयत, पहिलं पातेलं माझ्या घरातून गेलंय. मी देणाऱ्यातली आहे. हात पसरायची सवय नाही मला.

यारित्सा : हात पसरणं कुठून आलं यात? माझी आजी सांगायची, ही जागा गाड्या उभ्या करायला द्यायचं ठरलं होतं, तेव्हा तुम्ही बायकापोरं घेऊन महापौरांच्या दाराशी ठाण मांडून बसलात.

हेनोवेवा : ठाण कसलं, चूल मांडायची तेवढी बाकी होती. ओल्या तुरीच्या भाताचं हे एवढं पातेलं नेलं होतं मी. पोलिसांनाही वाढला. हुसकायला आले होते, परत मागून खात बसले. तुझी आजी तर एकाच्या टोपीत ताट ठेवून जेवली.

यारित्सा : आणि महापौर बाहेर आले तेव्हा काय म्हणालात त्यांना?

हेनोवेवा : माहीत आहे तुला.

यारित्सा : तुमच्या तोंडून ऐकायचंय.

हेनोवेवा : म्हटलं, आम्ही भीक मागायला आलेलो नाही. तुमच्या तंबाखूच्या मळ्यात वाकून वाकून आमच्या पाठी मोडल्या. आता आम्हाला घरं द्या.

यारित्सा : ती पाठ म्हणजे हीच ना? जी तुम्हाला आज उठू देत नव्हती?

हेनोवेवा : तू वकील व्हायला हवी होतीस.

यारित्सा : आईही तेच म्हणते. कानातले काढा आता.

हेनोवेवा : कानातले राहतील. खोटं बोलणार नाही, पण बोडक्या कानांनी बसणारही नाही.

यारित्सा : बरं, राहू देत. काठी कुठे आहे?

हेनोवेवा : पलंगाखाली. तूच काढ. मला… मला वाकता येत नाही.

यारित्सा : बघा, जमलं की सांगायला.

हेनोवेवा : बेल वाजली. थांब, मागून केस नीट आहेत का माझे?

यारित्सा : छान आहेत. या, इत्सेलबाई, आत या.

इत्सेल : ब्वेनोस दियास, दोन्या हेनोवेवा. अगंबाई, पुन्हा तोच वास. मागच्या वेळचा फ्लान मी घरी जाऊन नवऱ्याला वर्णन करून सांगितला.

हेनोवेवा : बस. खाणंपिणं नंतर. आधी तुझं काय ते विचारून घे.

इत्सेल : मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, सगळं स्वतः करते. त्यानंतर काही बदललं का?

हेनोवेवा : काही नाही बदललं. तेव्हाही जमत नव्हतं.

इत्सेल : म्हणजे? आंघोळ…

हेनोवेवा : टबच्या कडेवरून पाय पलीकडे जात नाही. ईस्टरपासून बेसिनपाशी उभी राहून ओल्या फडक्यानं अंग पुसते. लिही.

इत्सेल : कपडे?

हेनोवेवा : वरचे घालते. खालचे घालायला सकाळ जाते. मोज्यांचं तर नावच काढू नकोस, तिकडे पोर्तोरिकोत मायाग्वेसला चालत जाणं त्यापेक्षा सोपं.

इत्सेल : आणि कधी पडलात वगैरे? यारित्सा, तुझ्या कानावर काही…

हेनोवेवा : तिच्याकडे काय बघतेस? जीभ शाबूत आहे माझी. पडले नाही, पण आत्ता सकाळी ओव्हनपाशी बसले ती उठताच येईना. पाठ ऐकेना. भीती वाटली मला. हेही लिही, भीती वाटली म्हणून.

इत्सेल : माफ करा, दोन्या हेनोवेवा. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

हेनोवेवा : कसं कळणार? मी कळू दिलं असतं तर ना.

इत्सेल : मग रोज सकाळी थोडा वेळ कोणी आलं, तर भागेल तुमचं?

हेनोवेवा : भागवायचं नाही मला. नियमात जेवढे तास बसतात तेवढे सगळे लिही, एकही सोडू नकोस. आणि स्पॅनिश बोलणारी पाठव. आंघोळ घालताना तोंडाला कुलूप लावून बसलेली बाई मला चालायची नाही.

इत्सेल : लिहिते. पण हे सगळं मागच्या वेळी का नाही सांगितलंत?

हेनोवेवा : मागच्या वेळी तू माझ्या घरी पाहुणी आली होतीस. पाहुण्यापुढे कोणी रडगाणं गातं का?

इत्सेल : आणि आज?

हेनोवेवा : आज तू सरकार आहेस. सरकारपाशी मागायला मी कधी लाजले नाही. विचार पुढचं.