खार हल्ला करत नाही

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… अगं मुंगे, तू होय! थांब जरा, हाताला मेण लागलंय, फोन कानाला धरता येत नाही. स्पीकरवर टाकते… हं, बोल आता. भर दुपारी भाचीबाईंना मावशीची आठवण कशी झाली?

कॉलेज नाही आज?… अच्छा, मधली सुट्टी. मग आधी जेवून घे… जेवलीस? काय जेवलीस?… ते जेवण नव्हे बाळा, ती जिभेची समजूत.

मी? मी काय, कामावर. दुसरीकडे कुठे जाणार? एक वरची कवळी आहे, आज दवाखान्यात पोचवायचीय. मेणात दात बसवत होते… नाही गं, माणूस कुठला दिसायला! माणूस तिकडे डॉक्टरांच्या खुर्चीत. माझ्याकडे येतं ते त्याचं प्लास्टरचं तोंड. फळीवर रांग लागलीय बघ तोंडांची, आणि बोलणारं त्यात एकही नाही.

काय?… हं… म्हणजे तूही वाचलीस ती सूचना.

मला वाटलं, ती फक्त मलाच दिसते… सगळ्यांना दिसते? लाल अक्षरांत? अरे देवा. नाही, हसू नकोस. तूच घातलंस मला त्या इंटरनेटवरच्या खेळात, आणि सभासदाचं नाव म्हणून ‘मावशी’ तूच लिहिलंस. आता पंच लिहितात, ‘मावशी यांना अंतिम सूचना’. अगं, माझ्या वडिलांनी कधी मला अंतिम सूचना दिली नव्हती, आणि या वयात…

कळले, नियम कळले. शाळेतल्यासारखे म्हणून दाखवू?… ऐक तर. सुरुवातीला एक प्राणी पाळायला मिळतो. त्याला घेऊन त्या रानात हिंडायचं, काय घडलं ते लिहायचं, आणि जमतील तसे आणखी प्राणी गोळा करायचे. समोर कुणी आपला प्राणी घेऊन आलं की लढायचं. दोन्ही प्राणी काय करतात ते आळीपाळीने चार-चार ओळींत लिहायचं, मग बटण दाबायचं. हल्ल्याचं बटण दाबलं की फासा फिरतो, दान मोठं पडलं तर समोरच्याला लागतं. बचावाचं दाबलं तर फासा नाही, काही नाही. आपण आपलं अंग आक्रसून बसायचं… बरोबर ना? मग!

…करेन की हल्ला. घाई काय आहे?

बचावही नियमातच आहे. वरून दुसरं बटण… हो, रोज तेच दाबलं. मग काय झालं? खार लहान आहे माझी.

अगं… ऐक ना. ऐक. भित्री नाहीये मी. इथे दातांचं ते यंत्र फिरतं ना, बोटापासून केसभर अंतरावर, त्याला नाही भ्यायले इतकी वर्षं. समोरच्याच्या त्या चित्रातल्या साळिंदराला काय भिणार?

…कसं सांगू तुला. समोरच्या टेबलावरची आमची साचेवाली आठवते? तू लहान असताना तुला प्लास्टरची बोटं करून द्यायची ती… हं, तीच. निवृत्त झाली, लेकाकडे गेली राहायला. तिच्या जागी कुणी घेतलं नाही. साचे आता बाहेरून ओतून येतात, खोक्यात, दाराशी. खोकं ठेवणारा बेल वाजवतो आणि मी दार उघडेपर्यंत जिना उतरलेला असतो… फोन? करते की तिला. तिथे नातवंडांचा गलका. ती आपली ‘हं, हं, आणखी काय’ करते आणि ठेवते. सुखात आहे, वाईट कशाला वाटायचं त्यात?… नाही, वाईट नाही वाटत. टेबल तेवढं मोठं वाटतं.

तर ते जाऊ दे. सकाळी कुलूप उघडलं की दिवा लावायच्या आधी मी ते पान उघडते. आणि त्यावर त्याने लिहिलेलं असतं… त्या साळिंदरवाल्यानेच, ‘शेवटचा बाक’ने. हो, तेच नाव घेतलंय त्याने… बाई की बुवा, कुणाला ठाऊक! मी तो म्हणते. आवाज थोडाच ऐकलाय… मुंगे, कुणीतरी आदल्या दिवसापासून माझ्या खेळीसाठी खोळंबलेलं असतं. खोळंबलेलं, कळतंय का? मी लिहिलं नाही तर त्याला पुढे जाता येत नाही. तुला नाही कळायचं ते. तुझा फोन सारखा खणखणतो.

मग मारून संपवू का त्याला? एकदा लढत संपली की तो त्याच्या वाटेने, मी माझ्या.

काय लिहितो? वाचलं नाहीस तू? मला वाटलं, सगळं जग वाचतंय… फक्त सूचना वाचलीस. बरं. मागे एकदा त्याने लिहिलं, साळिंदर ओढ्याकाठी बसून राहिलं, आज त्याला स्वतःचेच काटे जड झालेत. आता तू सांग, असं म्हणणाऱ्याच्या अंगावर जायचं? मी लिहिलं, खार जवळच्या फांदीवर आली, पण फार जवळ नाही. आणि दाबला बचाव.

नंतर एकदा मी लिहिलं, खारीला आज दिवसभरात कुणाचा आवाज ऐकू आला नाही. त्यावर त्याचं उत्तर… थांब, हात पुसते, वाचूनच दाखवते… हं. ‘साळिंदराने काटे एकमेकांवर घासले. हा घे आवाज. फार गोड नाही, पण आवाज आहे.’

आणि खाली लगेच पंचांचा शेरा, ‘प्राण्यांनी लढावे, एकमेकांचे कुशल विचारू नये.’ बघ म्हणजे! त्याच्याही आधी एकदा खारीने अर्धा दाणा साळिंदराकडे ढकलला, तर म्हणे, लढतीत खाऊ देता येत नाही. हा पंच लहानपणी कुणाच्या डब्यात जेवलेला दिसत नाही.

हस, हस तू.

काय?… कोणता हल्ला?… काट्यांचा पाऊस. नाही बाई, तसं काही केलं नाही त्याने… एका फटक्यात संपली असती? माझी खार?… पहिल्याच दिवशी?

अगं, मग माहीत नसेल त्याला. नवा असेल बिचारा माझ्यासारखा… जुना आहे? तुला कसं माहीत?… यादीत दिसतं? बघून सांग बरं… साठ? साठ प्राणी पाळलेत त्याने?

…मग रोज काय करत होता तो?

‘टेहळणी’. हो, ते असतं खाली बारीक अक्षरांत. मला वाटलं, साळिंदराला कमी दिसतं म्हणून सारखं इकडेतिकडे बघत असेल… त्याने काहीच होत नाही? अजिबात? म्हणजे वेळ काढायचं बटण ते?

अच्छा.

नाही, काही नाही. मेण गार झालं हातातलं. एक दात वाकडा बसला, काढून पुन्हा बसवते… ऐकतेय, बोल तू.

संध्याकाळपर्यंत. हो, तसं लिहिलंय. आणि नाही केला हल्ला तर?… लढत बाद. म्हणजे बरंच की… पान पुसून टाकतात? सगळं? त्याने लिहिलेलंही?… फोटो काढून ठेवू म्हणतेस. ठेवीन गं, पण… काय? नावंही कमी करतात? दोघांची?

माझं करू दे. माझी एक खार, ती कुणीही सांभाळेल. पण त्याचे साठ आहेत, मुंगे. साठ प्राणी जमवायला माणसाला किती वर्षं लागली असतील? ते सगळे जायचे माझ्या बचावापायी?… त्यालाही गेलीय सूचना. पण खेळी माझी आहे. हो ना. घोंगडं माझ्याच गळ्यात.

आणि हल्ला केला तर?… संपली लढत की पानाला कुलूप. वाचता येतं, लिहिता येत नाही. आणि साळिंदर मरतं का?… नक्की? दमून झोपतं फक्त. बरं. आणि हल्ला केला, पण लागलाच नाही तर?… तर खेळी त्याच्याकडे, लढत चालू. सूचना मागे. मग तसंच करू! चुकणारा हल्ला कोणता सांग मला… असा नसतो. मग सगळ्यांत मरतुकडा कोणता?… शेपटीचा फटका. किती पडावे लागतात?… सोळाच्या खाली पडलं तर चुकला. वीस बाजूंच्या फाशाला सोळाच्या खाली पडायला काय लागतं? माझं दान तर जन्मात कधी धड पडलेलं नाही.

थांब, तू फोन ठेवू नकोस. लिहिते… एका बोटाने लिहिते गं मी, धीर धर. ‘खारीने शेपूट उचललं. तिला ते उचलायचं नव्हतं.’… नको, ते दुसरं वाक्य नको का? पंच पुन्हा काही म्हणेल… राहू दे म्हणतेस? बरं, राहू दे. ‘रानातल्या पंचांनी सांगितलं म्हणून उचललं.’ हं, आता समजेल त्याला. हुशार आहे तो.

मागे कोण कुजबुजतंय?… मैत्रिणी? सांगितलंस का सगळ्यांना?… ‘ऑल द बेस्ट मावशी’ म्हणतायत. त्यांना म्हणावं, उलट म्हणा. चुकू दे म्हणा.

दाबते हं… दाबलं. फिरतोय फासा… फिरतोय…

…

वीस.

वीस पडलेत, मुंगे.

…ओरडू नका गं सगळ्या एकदम, कळत नाही काही. वीस म्हणजे काय?… वर्मी घाव. शेपटीचाही?… मग कितीही बळकट असो, समोरचा खाली बसतोच… हो, बसलं. चित्रात बसलंय, डोळे मिटून. वर तारे उडतायत पानभर. ‘विजेती, मावशी.’

हो… हो, अभिनंदन. सांग त्यांना, मावशी थँक यू म्हणते.

अगं, लिहायची जागाच गेली! खालची ती चौकट होती ना, ती नाहीये… कुलूप. हो, म्हणालीस तू. पण इतक्या लगेच? मला वाटलं, शेवटच्या दोन ओळी लिहू देत असतील. घरी आलेल्या माणसालासुद्धा ‘बरंय, येते’ म्हणता येतं.

खासगी निरोप? कुठे असतो तो?… पाकिटाचं चित्र… दिसलं. दाबते… ‘नव्या सभासदांना ही सोय तीन लढतींनंतर मिळेल.’ माझी तर आत्ता एक झाली.

तू पाठवतेस? नको… नको म्हटलं ना. काय लिहिशील? आमच्या मावशीला करमत नाही म्हणून?… रागावले नाही गं. तू मायेने म्हणतेस, समजतं मला. पण त्याला पाठवावासा वाटला तर तो पाठवेल. जुना आहे, त्याला सोय असेल… नाही. अजून नाही आला.

हे काय आहे सगळ्यांत खाली? ‘आत्ता हे पान वाचणारे’… म्हणजे या क्षणी? दोन नावं आहेत. मावशी. आणि…

आहे तो. इथेच आहे.

…नाही, काही लिहिता येत नाही ना त्यालाही. नुसता आहे… तुझ्या यादीत कशाला बघतेस? दिसतंय मला. हिरवा ठिपका आहे नावापुढे.

ती घंटा झाली ना तुझी? ऐकू आली मला. जा, पळ. शिक्षक ओरडतील… मी बरी आहे. अगदी बरी… करेन, दुसरी लढत करेन सावकाश, तीन झाल्या की ते पाकीट उघडेल ना… हो, तुझ्याशीच करेन, आणि हरवेन तुला. जा आता.

…पान? नाही, बंद नाही करत एवढ्यात. पाहुणा वळणापलीकडे दिसेनासा झाल्याशिवाय आपण दार लावून घेतो का? त्याचं नाव गेलं की उठेन.

काय म्हणालीस?… तोही माझं नाव जायचीच वाट बघत असेल तर?

असेल. मग बसू दोघं.

ठेवते हं.