वाकडं नाक

आता हसताय गं पोरींनो, पण त्या दिवशी आईला नुसता घाम फुटला हुता. बॉक्सिंगमधला चॅम्पियनचा पट्टा जिंकून मी रहिमतपूरला आले आणि आठवड्याभरात साताऱ्याची मंडळी मला बघायला आली. त्याच लढतीत माझं नाक मोडलेलं, ते वाकडंच बसलं.

मुलाचे मामा फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले. पोहे खाता खाता त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि दंडावरची गोळीची खूण सगळ्यांना दाखवली. आमचे वडील तर हात लावून बघत हुते.

मग मामा माझ्याकडं वळले. "पोरगी लय चांगली हाय. तेवढं नाक मिरजेत दाखवा. डॉक्टर सरळ करून देत्यात. मग पुढचं बोलू."

आईनं माझ्याकडं बघून डोळे वटारले. मी कशाची गप बसतेय!

म्हटलं, "जाऊ की मामा. तुमी बी चला संगट. तुमची खूण बी पुसून घेऊ."

मामांनी बाही खाली ओढली.

लग्न काय जमलं न्हाई. नाक हाय तसंच हाय, आणि पट्टा बी अजून माझ्याकडंच हाय.