पदराला पडदा लावून बघितला

चहा गार झाला तर होऊ द्या, आधी हे ऐका. माझी पोरगी सारिका टावेलाच्या नक्ष्या काढती. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर काढल्याली पहिलीच नक्षी माघारी आली. तितं लाल दिसत हुतं, ते कापडावर विटकरी निघालं. पोरगी दोन दिस जेवली न्हाय. म्हणून मी, बायकू अन् ती, तिघं नवा लॅपटॉप घ्यायला नव्या पेठंत गेलो.

दुकानदारानं लॅपटॉपवर हिरव्यागार रानाचा फोटू लावला. समोरनं झकास. जरा बाजूला सरकलो तर सगळं रान जळाल्यावानी! माझं टाळकंच सरकलं.

"आरं, हितनं हिरवं अन् तितनं वाळल्यालं? येडं समजतो व्हय आमाला?"

"मामा, लॅपटॉप समोर बसूनच बघत्यात."

"अन् गिऱ्हाईक शेजारी बसलं तर त्यानं काय भिताडाकडं बघायचं?"

"आण्णा, वरडू नका की, लोकं बघाय लागली," सारिका म्हणली.

बायकूनं तवर दुसरा लॅपटॉप उचलला अन् साडी न्हेत्यात तसा सरळ दारात उजेडाला न्हेला.

"सारे, ह्यात लाल लाव."

मग आपला लाल पदर पडद्याला लावून तिनं डावीकडनं बघितलं, उजवीकडनं बघितलं, वाकून खालनंबी बघितलं. लाल काय हालला न्हाय. पोरीचं तोंड असं फुललं म्हणता!

मी वरडलो, "बांध रं ह्योच!"

बायकू म्हणली, "थांबा की. भाऊ, ह्यातच चिंतामणी कलर दाखवा."

मी गुमान स्टुलावर बसलो, साडीच्या दुकानात बसतो तसा.