‘चीक’मध्ये वाजलेली आमची मशिनं

माझं नाव सुनंदा, वेंगुर्ल्याच्या काजूच्या कारखान्यात बी कापते, एकतीस वर्षं झाली, आणि तुम्ही लांबून आलात म्हणून मी आपलं पुस्तकातलं मराठी बोलायचं म्हणते, पण काय सांगू तुम्हाला, दिगूचं नाव निघालं की माझं मालवणी बाहेर पडणारच, तेव्हा समजून घ्या. दिगू म्हणजे माझा धाकटा भाऊ दिगंबर, ज्याची गिटार ऐकून तुम्ही आलात तोच. आमचा बापूस जहाजावर खलाशी, वर्षातून एकदा यायचा, आणि एका वर्षी कापडचोपड आणायचं सोडून गिटार घेऊन आला, जहाजावरच्या कोणा गोव्याच्या सोबत्याने दिली म्हणे. आवस, म्हणजे आमची आई, म्हणाली, ह्या काय हाडलंस, ह्येच्यात भात शिजतलो? बापूस हसला. तो पुढे दोन वर्षांत गेला, मी नववीतून शाळा सोडली आणि मशिनीवर बसले, पंधरा वर्षांची होते, दिगू आठ वर्षांचा.

आता मशीन म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एका हाताने बी पात्यात धरायची, दुसऱ्या हाताने मूठ ओढायची आणि पायाने दांडा दाबायचा, खट्, की टरफल फुटलं. दिवसभर खट्, खट्. त्या टरफलात चीक असतो, काळा, तो लागला की कातडी भाजून निघते, म्हणून आम्ही हाताला तेल लावून बसतो, तरी भाजतेच. हे बघा माझे हात. दिगूची बोटं बघितलीत का, तारा दाबून दाबून शेंड्यांना घट्टे पडलेत, आवस म्हणायची, माझ्या दोनय पोरांचे हात कोणाक दाखवूचे नाय.

तो कॅसेटी ऐकून शिकला. शिकवायला कोण होतं हो इथे रॉक की काय ते? एक तुकडा ऐकायचा, कॅसेट मागे, परत ऐकायचा, परत मागे, आमच्या कानाचं भजं. पुढे गोव्याला गेला, तिथे बँड झाला त्यांचा, सतरा वर्षं तो त्या बँडमध्ये वाजवत होता, चाली सगळ्या ह्याच्या, आणि पोस्टरवर तोंड गाणाऱ्याचं. मी विचारायची, अरे तुझा फोटो खंय? तर म्हणायचा, बाय, माझो हात दिसता बघ थय, कोपऱ्यात. खरंच, हातच दिसायचा.

मग एक दिवस त्या गाणाऱ्याने फोनवर सांगितलं, आम्हाला आता तरणा चेहरा पाहिजे, तू येऊ नको. फोनवर हो, सतरा वर्षांनी. दिगू एसटीने घरी आला. इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याची गाडी थांबवून दारू तपासतात, तिथले हवालदार ह्याला ओळखायचे, दर वेळी म्हणायचे, काढ रे गिटार, वाजव जरा, आणि हा खिडकीतून वाजवून दाखवायचा. त्या दिवशी हवालदार म्हणाले, आज काय गप्प? हा म्हणाला, तार तुटली. त्याने स्वतः सांगितलं मला हे. आणि मग चार महिने ती गिटार खोक्यातून बाहेर नाही. घरात पंखे दुरुस्त करायचा, मिक्सर दुरुस्त करायचा, जेवायचा, झोपायचा. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. माणूस रडला तर समजतं, हा रडत पण नव्हता.

एकदा मी डबा विसरले तो घेऊन तो कारखान्यात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत आला. दारातच उभा राहिला, डबा हातात, हलेना. मी म्हटलं, अरे दी डबो, काय बघतस? तर म्हणतो, बाय, ह्या रोज असाच वाजता? मी म्हटलं, नायतर काय, मशिनी आसत, वाजतलीच. म्हणतो, ती कोपऱ्यातली कोण? ती आमची रुक्मिणीकाकी, सत्तरीला आलेली, गुडघा धरलेला, त्यामुळे तिचा पाय सगळ्यांच्या मागून पडतो, तिळाएवढा मागून. दिगू म्हणाला, त्या पायामुळेच ह्या गाणा झाला. आणि त्या दिवशी घरी जाऊन त्याने खोकं उघडलं.

मशिनींचा आवाज भरून घ्यायला कारखान्याच्या शेटजींनी आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, आणि दिगू माइक घेऊन आला. आम्ही बत्तीस बायका. माइक बघून सगळ्या अशा शिस्तीत कापायला लागल्या, जशी शाळेतली कवायत, आणि काकी तर जोर करून पाय वेळेवर टाकायला लागली. दिगूने डोक्याला हात लावला. काकी, तू अशी नको गो, तू रोजच्यासारखी काप. काकी म्हणाली, रोज माझो पाय चुकता, आता पुस्तकात चूक जावक नको. दिगू म्हणाला, अगो पुस्तक नाय, गाणा! तेव्हा मग मी मुद्दाम तिच्याशी भांडण काढलं, माझं टोपलं तू कित्या घेतलंस म्हणून, ती तापली, सगळ्या हसायला लागल्या, आणि हात आपल्या नेहमीच्या चालीत पडले. ते भांडणपण आहे गाण्यात, नीट ऐका.

बाकीचं म्हापशाच्या स्टुडिओत केलं. आठ गाणी, गायला पण हाच, दुसरा कोण नव्हता म्हणून. नाव ठेवलं ‘चीक’. कव्हरच्या पाठीमागे वाजवणाऱ्यांची नावं असतात, तिथे, काय म्हणतात, ड्रम्स, त्याच्यापुढे आमची बत्तीस नावं छापली.

गाणी बाहेर आली, आणि पहिल्यांदा नुसत्या शिव्या. त्या जुन्या बँडच्या लोकांनी मोबाईलवर लिहिलं, ह्याच्या गळ्यात काजू अडकलाय, गिटारवाल्याने गिटार वाजवावी. मी रडले, जेवले नाही. दिगू म्हणतो, बाय, गळो माझो तसोच आसा, त्येंचा काय चुकला? मग महिन्याभराने मुंबईच्या इंग्रजी पेपरात आलं. आमच्या बँकेतल्या मॅडमनी मला मराठी करून सांगितलं. दोन गाणी लांबलीत असं लिहिलं होतं, आवाज साधा आहे असं पण लिहिलं होतं, ते खरंच आहे, पण गिटारीबद्दल लिहिलं की हा माणूस एक सूर धरतो आणि सोडायची घाई करत नाही. आणि चौथ्या गाण्यात ड्रम वाजवणारा कोण, तो ठोका किंचित मागे ठेवतो, असा हात आपल्याकडे कोणाचा नाही, आणि ही बत्तीस बायकांची नावं म्हणजे गंमत असावी. मी कारखान्यात जाऊन काकीला सांगितलं. ती म्हणाली, हात नाय गो, पाय!

दिगूने त्या पेपरवाल्याला फोन करून सांगितलं, गंमत नाही, ही माणसं आहेत. तो माणूस आला, बघून गेला, परत लिहिलं, मग सगळीकडून बोलावणी. पणजीला पहिला कार्यक्रम झाला, संध्याकाळी, दिगूने अट घातली की माझ्या बायका पहिल्या ओळीत. गाडी करून गेलो. पहिलं गाणं सुरू झालं आणि आमच्या अर्ध्या बायकांनी कानांवर हात घेतले, छातीत धडधड होते हो त्या आवाजाने. चौथ्याला आमची मशिनं वाजली. वर गिटार अशी चढत गेली, चढत गेली, मला वाटलं आता सूर तुटला, तुटला, आणि तो तुटला नाही, त्याने तिथेच धरून ठेवला, डोळे मिटून. हा माझा दिगू? मी त्याला नाक पुसायला शिकवलं. काकी मला कोपराने ढोसते, अगो, माझो पाय खंय वाजता ता दाखय माका. मी म्हटलं, आयक, ह्यो, ह्यो बघ. तिने कान देऊन ऐकलं. नंतर दिगूने माइकवर एकेकीचं नाव घेतलं, गाव सांगून, घाई न करता, बत्तीसच्या बत्तीस, आणि लोक प्रत्येक नावाला टाळ्या वाजवत होते.

आता काकी कारखान्यात येत नाही, गुडघ्याने अंथरूण धरायला लावलं. शेटजी आपोआप कापणारी मशिनं आणणार आहेत, आमच्यातल्या किती राहतील देवाला ठाऊक. माझी तक्रार नाही, हातांना जरा आराम. दिगू मागच्या पडवीत दुसऱ्या अल्बमची तयारी करतो, सकाळपासून तेच, एकच तुकडा शंभर वेळा. मला त्यातलं सगळं आवडतं असं नाही, दोन गाणी तर मला कळतच नाहीत, पण तो वाजवतो आहे ना. देवाक माझा एवढाच सांगणा, दिगूक औक्ष दी, आणि आमच्या शेजाऱ्यांका कान घट दी.